चढावरची प्रार्थना

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी डोळे मिटल्याशिवाय सुरू होत नसे.

याला कारण आमचे पास्टरसाहेब. एका उपदेशात ते म्हणाले, "रविवारी ख्रिस्ती आणि सोमवारी नुसते धंदेवाले, असं चालणार नाही. प्रभूला दुकानातही बसवा." माझं दुकान म्हणजे गारखेड्यातली एक छोटी गाडी, शिकणाऱ्याला एक ब्रेक आणि शेजारी मला एक. मी लगेच नियम केला, आधी प्रार्थना, मग चावी. कुणी कुरकुर केली नाही. शबानाआपा बिस्मिल्ला म्हणायच्या, देशमुखकाका गणपतीला हात जोडायचे. (ज्याला क्लच सापडत नाही, त्याला देव लवकर सापडतो.)

घरी मात्र पास्टरसाहेबांचा उपदेश पोचला नव्हता. सासूबाई वैजापूरला एकट्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांना दर शनिवारी गाडीतून आणून रविवारी चर्चला न्यायचं मी बायकोला, रूथला, कबूल केलं होतं. शनिवार आला की मी म्हणायचो, "आज क्लास आहे."

शेवटी रूथ म्हणाली, "अहो, मग मलाच शिकवा. मम्मीला मीच आणते."

रूथ चांगली शिकली. फक्त तिची प्रार्थना लांब. मम्मीचे गुडघे, भाच्याची परीक्षा, शेजाऱ्यांचं बोअरचं पाणी, एवढं आटोपून ती चावी फिरवायची.

लायसनच्या परीक्षेला ती गाडीत एकटी, इन्स्पेक्टरसाहेब आणि मी मैदानाच्या कडेला. आठाचा आकडा तिनं झकास काढला. चढावर गाडी थांबवायची होती, तीही थांबवली. निघताना इंजिन बंद पडलं. ते कुणाचंही पडतं. आता पुन्हा सुरू करायचं, आणि सुरू करण्याआधी काय करायचं हे मीच शिकवलेलं. रूथनं गिअर न्यूट्रलला आणला, स्टिअरिंग सोडून हात जोडले, डोळे मिटले आणि ब्रेकवरचा पायही सावरून जवळ घेतला.

गाडी मागं यायला लागली.

"मॅडम काय करायल्यात?" साहेबांनी विचारलं.

"प्रार्थना," मी म्हणालो.

"आत्ता?"

"थोडा वेळ लागतो साहेब."

काच खाली होती. "...आणि हे प्रेमळ बापा, ह्यांना शनिवारी वेळ मिळू दे," एवढं आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं. 'आमेन'ला गाडी साहेबांच्या मोटारसायकलीवर टेकली. मोटारसायकल आडवी झाली.

"हँडब्रेक शिकवलाच नाय व्हय तुम्ही?" साहेब माझ्याकडं वळले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्लासमध्ये सगळे डोळे मिटायचे, तेव्हा माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय असायचा. गाडी जागची हलत नाही, याचं श्रेय मी आजवर प्रभूला देत होतो!

रूथ नापास झाली. दुसऱ्या दिवशी तिनं इस्माईलभाईंच्या स्कूलमध्ये नाव घातलं. "तिथं हँडब्रेक शिकवतात," एवढंच म्हणाली. मला लई लागलं.

पुढच्या परीक्षेत ती पास झाली. त्याच शनिवारी एकटी वैजापूरला गेली आणि रविवारी सासूबाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली तशी रूथ उभी राहिली.

"प्रभूनं मला इस्माईलभाईंकडं पाठवलं आणि लायसन दिलं," असं म्हणून तिनं मंडळीला त्यांच्या स्कूलचा पत्ताही नीट समजावून सांगितला. सासूबाईंनी डोळे पुसले. उपासना सुटल्यावर पास्टरसाहेब आपल्या सुनेसाठी तोच पत्ता पुन्हा विचारत होते.

आणि साक्ष संपल्यावर सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणालो होतो मी. सवय, दुसरं काय!