शून्य प्रतिक्रिया

ब्लॉगवरच्या नव्या लेखाखाली ‘शून्य प्रतिक्रिया’ असं दिसतंय. फिजिओथेरपीचा व्यवसाय सुरू केल्यापासून पेशंटकडून जे नवं कळेल ते मी इथे लिहीत आलेय. वाचक म्हणाल तर एकच, मला कॉलेजात शिकवणाऱ्या देशमुखबाई. निवृत्तीनंतरही त्या लेखाखाली लिहायच्या, “उजवा नव्हे गं, डावा गुडघा. पुन्हा बघ.” मी चिडायचे. माणूस जन्मभर शिकतो म्हणतात; पण आपलं चुकलेलं कुणी मायेनं वाचणारं असेल, तोवरच शिकण्यात जीव असतो की काय, कोण जाणे.

बाई उन्हाळ्यात गेल्या. आजच्या लेखात मी पुन्हा डाव्याच्या जागी उजवा गुडघा लिहून बसलेय. चूक दिसतेय, पण दुरुस्त करवत नाही. आधी कुणीतरी सांगायला हवं.