दुसऱ्या भागाचं गाळलेलं रीळ

मंडळींनो, त्या खासगी गुप्तहेराच्या सिनेमाचा दुसरा भाग मला आवडतो म्हणून या कम्युनिटीत सगळे मला हसलात. "शेवटी खुनी का सुटतो तेच कळत नाही," म्हणे.

आज देवळाली कॅम्पला सीडीच्या दुकानात आपल्या जुन्या थिएटरचे ऑपरेटर काका भेटले. त्यांनाच विचारलं.

"कळणार कसं? संध्याकाळच्या खेळाला शेवटून दुसरं रीळ मी गाळायचो. नाशिकची शेवटची बस चुकली की पब्लिक माझ्या नावाने शिमगा करायचं."

त्याच दुकानातून सीडी घेतली आणि घरी येऊन पूर्ण पाहिली. गुप्तहेरच खुन्याला सोडतो, कारण पहिल्या भागात त्याने निर्दोष माणसाला फासावर पाठवलेलं असतं.

मला तो त्या रिळाशिवायही आवडला होता. तुम्ही मात्र पूर्ण न बघताच नापास केलात. सीडी माझ्याकडे आहे. आधी ते रीळ बघा, मग भांडायला या.