एकोणचाळीस नंबर हजर आहे

तुमची मुलगी वसतिगृहात राहत असेल, तर तिची हजेरी रोज कोण लावतं हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलं आहे का?

प्रश्नाने सुरुवात करायची खोड मला घरून लागली. माझे वडील संघटनेत होते आणि घरात कायम पत्रकांचे गठ्ठे असायचे. उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्यांना कव्हरं व्हायची, डब्यातली भाकरीही त्यातच गुंडाळलेली असायची. मी वाचायला शिकले तेही पत्रकांवरूनच. वर जाड अक्षरात प्रश्न, खाली ‘हजारोंच्या संख्येने या’. मधला बारीक मजकूर कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

नववीत मला म्हसावदच्या पुढच्या आमच्या गावाहून तालुक्याला, मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. त्याच वर्षी तिथे बोटाचं मशीन आलं. ऑफिसच्या दाराशी भिंतीवर बसवलेलं, हाताच्या पंज्याएवढं काळं खोकं. बोट ठेवलं की त्यातली बाई ‘थँक यू’ म्हणायची आणि आपला नंबर दिसायचा. बोट पटलं नाही तर ‘प्लीज ट्राय अगेन’. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आम्ही चौसष्ट जणी होतो.

त्याच सुमारास एका शनिवारी टीव्हीवर चोरीचा सिनेमा लागला. त्यातला चोर मालकाच्या ग्लासावरचा अंगठ्याचा ठसा चिकटपट्टीवर उचलतो, लाल किरणांच्या जाळीतून सापासारखा सरकतो, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात कालचंच चित्र फिरवत ठेवतो. आम्ही भारावून गेलो. दुसऱ्या दिवशी पाचसहा जणींनी स्टीलच्या ग्लासावर पावडर टाकली, चिकटपट्टी लावली, ओढली आणि ती मशीनवर दाबली. बाई म्हणाली, ‘प्लीज ट्राय अगेन’. सतरा वेळा म्हणाली असेल. शेवटी ते खोकं पावडरीने पांढरं झालं आणि ते पुसायचं काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात जास्त हसली ती माझ्या शेजारच्या पलंगावरची. ती मोलगी गावाच्याही वर, डोंगरातल्या पाड्यावरची. नंबर एकोणचाळीस. “तुम्ही खोटं बोट बनवता,” ती म्हणाली, “त्याला माझं खरं बोटच खोटं वाटतं.”

हे खरं होतं. दर सुट्टीत ती आईबरोबर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, जायची. वाळवलेल्या मिरच्यांच्या ढिगाशी बसून दिवसभर देठ खुडायचे. त्या तिखटाने तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची आणि नवी यायची ती काचेसारखी गुळगुळीत. तिच्या बोटांवर रेषाच नव्हत्या. अशा नऊ जणी होत्या आमच्यात. मशीन आलं त्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या अधीक्षिकांनी, त्यांना सांगितलं होतं, “तुम्ही शेवटी ऑफिसात या.” त्या आत गेल्या, बाहेर आल्या. त्यानंतर त्यांना रांगेत उभं राहावं लागत नसे. आम्हाला हेवा वाटायचा. याहून जास्त विचार मी केला नाही.

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तिला ताप होता. “घरी जायचंय,” एवढंच म्हणत होती. मी शाळेतून परतले तर पलंग रिकामा. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता. मला वाटलं, आजारी मुलींच्या खोलीत नेलं असेल. संध्याकाळी हजेरी झाली. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, “चौसष्ट. सगळ्या आहेत. चला जेवायला.”

आजारी मुलींची खोली बंद होती. बाहेरून कडी.

जेवणं मशीनच्या आकड्यावर शिजायची. स्वयंपाकाच्या मावशी तेवढीच ताटं वाढायच्या. त्या संध्याकाळी एक ताट उरलं. सकाळी पोह्यांची एक ताटली उरली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय व पोरी, तुन्ही मैत्रीन जेवाले काब येत नही? रुसनी का?”

“ती नाहीच मावशी. गेली कुठेतरी.”

“अशी कशी गई? मशीन त सांगस, आठेच शे.”

मशीन म्हणतं ती इथेच आहे, म्हणून मी ऑफिसच्या खिडकीतून यादी पाहिली. एकोणचाळीस, हजर, सकाळी सहा बावन्न. सहा बावन्नला मी तिच्या पलंगावर बसले होते आणि तिची चादर हाताला गार लागत होती.

शनिवारी अख्ख्या खोलीला ते कळलं. एक सातवीची मुलगी म्हणाली, “ती फक्त बोट लावायला येते.” मग एकोणचाळीसच्या पलंगाशेजारून जायलाही कोणी धजेना. मी मात्र तिथेच बसून राहिले. मला भुताची भीती वाटत नव्हती असं नाही. पण तिच्या अंगात ताप होता, हे तिला भूत ठरवणाऱ्या मुली विसरल्या होत्या. संध्याकाळी रांग पांगल्यावरही ऑफिसातून ‘थँक यू’ ऐकू आलं आणि अंगावर काटा आला.

मी मॅडमकडे गेले. “मॅडम, ती कालपासून नाही.”

“यादी बघ.”

“यादीत आहे. पलंगावर नाही.”

“असेल मैत्रिणींकडे वरच्या खोलीत. मशीन काय तुझ्या-माझ्यासारखं खोटं बोलतं का? आणि तू जरा पुढारीपणा कमी कर.”

वॉचमन काकांना विचारलं, कॅमेऱ्यात बघा ना. ते लाजले. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा प्लग काढून तिथे ते मोबाईल चार्जिंगला लावत असत. “दुसरा बोर्डच नाही इथे, बेटा.” सिनेमातल्या चोराने त्या कॅमेऱ्यासाठी किती खटाटोप केला असता! ती फाटकातून सरळ चालत गेली होती.

रविवारी सकाळी रांग संपली, सगळ्या पांगल्या, आणि मी ऑफिसच्या दाराआड उभी राहिले. आतून आवाज आला. थँक यू. थोडं थांबून, थँक यू. मी डोकावले. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर मशीनसमोर बसल्या होत्या. एकामागून एक बोट ठेवत होत्या आणि प्रत्येक बोटाला एका मुलीचं नाव पुटपुटत होत्या, वाती वळताना बायका पुटपुटतात तशा. उजव्या हाताची चार झाली. मग डावा हात. डाव्या अनामिकेला त्यांनी माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. थँक यू. एकोणचाळीस.

मी आत गेले. “मॅडम, ती कुठे आहे?”

त्या दचकल्या. मग स्वतःच्या त्या बोटाकडे बघत राहिल्या. ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

“मशीन या नऊ जणींना घेत नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “वर कळवलं, कोणी दाद दिली नाही. मग त्यांच्या नंबरांवर माझी बोटं नोंदवली. हजेरी नाही लागली तर नाव कापतात, जेवण बंद. उपाशी ठेवायचं होतं का मी त्यांना?”

मी त्यांची बोटं मोजली. एका अंगठ्याला त्या स्वतः आणि नऊ बोटांना नऊ मुली. एवढंच ते कुलूप होतं आणि ते मायेने उघडलं होतं.

मग मात्र धावपळ झाली. मॅडमनीच फोन लावले. मोलगीच्या जीपवाल्यांपैकी एकाला ती आठवत होती. तापलेल्या पोरीला टपावर नको, आत बसव, असं त्यानेच क्लीनरला सांगितलं होतं. रस्ता फुटतो तिथे ती उतरली. पाडा तिथून तासाभराच्या चालीवर, आणि मोबाईलला रेंज नाही. जीपवाला परत त्या वाटेने शोधत गेला. वाटेवरच्या एका झोपडीत ती सापडली. त्या घरातल्या म्हातारीला ती नाल्याजवळ पडलेली दिसली होती. दोन दिवस म्हातारी तिला पेज पाजत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, कुणाची पोरगी हरवली आहे का? कुणाचीच हरवली नव्हती. आमच्याकडे चौसष्टच्या चौसष्ट होत्या.

ती वाचली. तिच्या बापाने तिला परत पाठवलं नाही. मॅडमची बदली झाली. मला वाटलं, आपण जिंकलो.

नव्या मॅडम नियमाने वागणाऱ्या होत्या. त्यांनी जुनी बोटं पुसली. उरलेल्या आठ जणींनी रोज बोट लावायचं, रोज ‘प्लीज ट्राय अगेन’. यादीत त्या गैरहजर. आधी नसलेली मुलगी हजर होती, आता समोर उभ्या असलेल्या मुली नव्हत्या. त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि आपल्याच हातांकडे बघायच्या. ते मी करून ठेवलं होतं, हे मला कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

चौथ्या दिवशीही आकड्याप्रमाणे आठ ताटं कमी निघाली तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आल्या. “मन्हा डोया फुटना नहीत अजून,” म्हणाल्या. अंगणात आम्हाला उभं केलं आणि एकेकीचं नाव मोठ्याने घेतलं. प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून. ज्या नावाला उत्तर आलं त्याचं ताट. मला म्हणाल्या, “तुले लिहिता येस ना? मंग लिही.” मी वहीत लिहू लागले. त्या वहीला पत्रकाचंच कव्हर होतं. नव्या मॅडम दारातून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या वहीवर सही केली.

मावशी एकोणचाळीसच्या जागी तिचं नाव घ्यायच्याच. उत्तर यायचं नाही. त्या क्षणभर थांबायच्या, आणि आम्हा सगळ्यांना ती नसल्याचं कळायचं.

म्हणून एक विनंती आहे. हजारोंच्या संख्येने नको, एकट्याने या. येत्या आठवड्यात तुमच्या गावच्या वसतिगृहात हजेरीच्या वेळी जाऊन उभे राहा. मशीनकडे बघू नका. वहीतली नावं मोठ्याने घ्यायला सांगा, आणि ज्या नावाला उत्तर येणार नाही, त्या मुलीला शोधल्याशिवाय घरी परतू नका.