जाळी मी घासली होती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझं काहीच तिच्यापासून लपत नाही असा तिचा दावा आहे, पण एवढं एक सुटलं. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुमचा चेहरा समोर दिसत नाही म्हणून.

गोष्ट एका लोखंडी जाळीची आहे. हसू नका.

दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या सरकारी क्वार्टरच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, जोसेफ गायकवाड राहायचा. मूळचा मनमाडचा. आमची मंत्रालयं वेगळी, बस एकच. त्याच्या मागच्या अंगणात अर्ध्या ड्रमची सिगडी होती आणि तिच्यावर त्याच्या वडिलांनी सळया जोडून बनवलेली जाळी. वडील वेल्डर होते. जाऊन बरीच वर्षं झाली. तेलाने आणि आचेने ती जाळी काळीभोर, गुळगुळीत झाली होती. जोसेफ तिला पाणी लागू द्यायचा नाही. गरम असतानाच तारेचा ब्रश मारायचा, अर्धा कांदा घासायचा, मोहरीच्या तेलाचा हात फिरवायचा — झालं. हिवाळ्यात दर रविवारी दुपारी तिच्यावर चिकन भाजलं जायचं आणि मी, कुलकर्ण्यांचा मुलगा, बोटं चाटून खायचो. दिल्लीतल्या माझ्या सुखाचा निम्मा वाटा त्या अंगणातला आहे.

मग एका डिसेंबरात आई नाशिकहून आली. तिला थंडी आवडली, उन्हात बसणं आवडलं, फक्त गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आवडेना. निखाऱ्यावर भाजलं असतं तर, म्हणाली. जोसेफ नाताळसाठी सगळ्यांना घेऊन मनमाडला गेला होता. फोन केला तर म्हणाला, विचारतोस काय, वापर की.

जाळी उचलली आणि — काय सांगू — मला वास आला. ज्या वासाने मी दर रविवारी जिना उतरायचो, तोच. आईने काही विचारलं नव्हतं. ती विचारेल, एवढ्याच धास्तीने मी जाळी वर बाथरूममध्ये नेली. बायको ऑफिसात, आई गच्चीवर. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, तारेची घासणी. तेवढ्याने भागेना, तेव्हा चिंच आणि मीठ — आमच्याकडे देवाची तांब्याची भांडी घासतात तशी. तासभर घासली. काळं पाणी वाहत होतं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. शुद्ध करतोय असं वाटत होतं. हाच शब्द मनात आला होता, तो आता लपवत नाही. कशापासून शुद्ध? मित्राच्या घरापासून? त्याच्या वडिलांच्या हातापासून?

भरीत उत्तम झालं. आई खूश. जाळी मी पुन्हा एकदा धुतली, ओलसरच परत सिगडीवर ठेवली, वर कव्हर घातलं आणि विसरून गेलो. ते कव्हर रूथवहिनींनी, म्हणजे जोसेफच्या बायकोने, जुन्या रेनकोटातून शिवलं होतं.

दहा दिवसांनी जोसेफने कव्हर उचललं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. जाळी गंजाने लाल झाली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, धुतलीस का रे? मी म्हणालो, छे, नुसती पुसून ठेवली. इथे थांबता आलं असतं. थांबलो नाही.

"कव्हरची शिलाई उसवलीय बघ," मी म्हणालो. "दव आत गेलं असणार."

शिलाई खरंच थोडी उसवली होती. मला तेवढं पुरलं. रूथवहिनी दारातच होत्या. त्यांनी कव्हर हातात घेतलं, शिलाई पाहिली आणि ते घेऊन आत गेल्या. नंतर कितीतरी दिवस खालून त्यांच्या हसण्याचा आवाज आला नाही.

पुढचं सांगताना लाज वाटायला हवी, पण मला आनंदच होतो. जाळी पुन्हा काळी करायला आम्ही दोघं बसलो. तेल लावायचं, तापवायची, निवू द्यायची, परत तेल. तीन हिवाळे गेले. उन्हात पाय पसरून बसलेलो असताना जोसेफने मला वडिलांबद्दल जे सांगितलं, ते तोवर कधी सांगितलं नव्हतं. तसे रविवार मला परत मिळायचे नाहीत. खरं बोललो असतो, तर ते मिळाले असते का? कदाचित मिळाले असते. मी विचारूनच पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात जोसेफ रिटायर झाला. क्वार्टर सोडायच्या दिवशी जाळी घेऊन वर आला.

"यार कुलकर्णी, ही तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "बाबांनंतर हिला जपलं ते तूच."

मी नको म्हणालो नाही. तेवढ्यात मागून रूथवहिनी जिना चढून आल्या, हातात नवं कव्हर.

"भाऊजी, या वेळी दुहेरी शिलाई घातलीय. माझ्यामुळे एकदा गंजली ना, तेव्हापासून मनात होतं."

अकरा वर्षं झाली होती. मी कव्हर घेतलं, शिलाईवरून हात फिरवला आणि म्हणालो, छान झालंय, वहिनी.