वर मागून घेतलेली बाटली

नेरूळमधल्या एका ड्रिप क्लिनिकने माझ्या नवऱ्याला फसवलं. फसवणारी माणसं दोन, काउंटरवरची बाई आणि भिंतीवरच्या फोटोतला डॉक्टर. फसलेलीही दोनच. त्यातली एक मी आहे, आणि तोवर मला बाजारात कोणी फसवलं नव्हतं.

माझं माहेर मोरा बंदरातलं. लग्न होऊन घणसोली गावात आले तेव्हा माझ्याकडे एक टोपली होती. आज मासळी बाजारात माझे दोन ओटे आहेत आणि चार हॉटेलांचं पापलेट माझ्याकडून जातं. हे कोणी दिलेलं नाही, तोंडाच्या जोरावर उभं केलंय. मासा घेताना मी आधी कल्ला उचलते. आत लाल दिसलं नाही तर टोपली परत. आणि सौदा ठरला की वर दोन मागते. आमच्यात तशी रीतच आहे. माशांचा वाटा ठरल्या भावाचा, पण त्यावर दोन मासे मनाचे टाकायचे. मी गिऱ्हाइकाला टाकते, धक्क्यावर मीही मागून घेते. वर न मागता उठणाऱ्या बाईला आमच्याकडे बावळट म्हणतात.

माझा नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पंप चालवायचा. रिटायर झाला तसं बीपी निघालं, मग तपासण्यांत कळलं की किडन्या निम्म्याच काम करताहेत. तेव्हापासून एक हिरवी फाइल आमच्या कपाटात आहे. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, मीठ कमी. तो सगळं पाळायचा. दिसायचा मात्र थकलेला, जिना चढला की कठड्याला टेकायचा.

त्यात मुलीचं लग्न ठरलं. आमच्या गावात लग्नाला येतील त्याहून जास्त माणसं हळदीला येतात, आणि मुलीचा बाप नाचला नाही तर आठवडाभर तीच चर्चा. नवरा म्हणाला, "पोरीच्या हलदीला मी खुर्चीत बसनार नाय, आदीच सांगतो." म्हणून मुलीने मोबाइलवर जाहिरात दाखवली. शिरेतून व्हिटॅमिन आणि पाणी, पाऊण तासात अंगात ताकद, चेहऱ्यावर तेज. मला नवल वाटलं नाही. आमच्या गावात आजही डॉक्टरकडे गेलेलं माणूस विचारतं, "बाटली लावनार ना?" नुसती गोळी लिहून दिली तर घरी येऊन डॉक्टरलाच नावं ठेवतं. सलाइनची बाटली वाईट करू शकते हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर. आत अत्तरासारखा वास, मागे झुकणाऱ्या खुर्च्या, पायावर घ्यायला पांढरी शाल. हॉटेलात देतात तसं मेन्यूकार्ड हातात दिलं. ताकदीची बाटली वेगळी, गोरेपणाची वेगळी, केसांची वेगळी. मी फाइल काउंटरवर ठेवली.

"यात सगलं हाय. किडनीचं पन हाय. डॉक्टरला दाखवा."

त्या बाईने फाइल दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "अहो आंटी, हे औषध थोडीच आहे? व्हिटॅमिन आहे. संत्र खातो ना आपण, तसंच. टेन्शन नका घेऊ."

"डॉक्टर कुठं हाय?"

"सर शनिवारी बसतात. आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे."

मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आले आहे. एखादी बाई कल्ला उचलायला गेली की मी म्हणते, "काय बगतेस, सकालचीच हाय." त्यातल्या निम्म्या वेळा ती मासळी सकाळची असते. बघू न देणाऱ्याचं काय करायचं हे मला शिकवायची गरज नव्हती. पण मी त्या दिवशी भावाच्या मागे लागले होते. तिने आकडा सांगितला, मी पर्स उचलून दारापर्यंत गेले, तिने परत बोलावलं. आकडा निम्म्याच्या जवळ आला. मग मी सवयीने विचारलं, "आनि वर काय टाकतेस?"

ती हसली. "आंटी, तुम्ही पण ना! बरं, सेकंड बॉटल माझ्याकडून. फ्री."

नवऱ्याने मला कोपर मारलं. "अगो, इथं पन?" पण तोही खूश होता.

तिने त्याच्यापुढे टॅब धरला. "अंकल, इथे बोटाने सही." इंग्रजी मजकूर होता. त्याने सही केली. कोणी ना बीपी बघितलं, ना वजन केलं, ना कोणती गोळी चालू आहे ते विचारलं. मनगटाच्या वर सुई गेली, पट्टी लागली, पिवळं पाणी थेंबथेंब उतरू लागलं. तो म्हणाला हात आतून गार पडतोय, तोंडात गोळी फुटल्यासारखी चव येतेय. स्टाफच्या मुली म्हणाल्या असंच होतं, म्हणजे काम करतंय. पहिली बाटली संपली. दुसरी अडकवली तेव्हा त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती, म्हणून एकीने नळीवरचं चाक फिरवून धार वाढवली. मी ते बघितलं. मला वाटलं, बरं झालं, आपण लवकर सुटू.

संध्याकाळी त्याची चप्पल पायातून निघेना. पाय फुगून चकचकीत झाले होते. रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्याला आडवं पडता येईना, बसून श्वास ओढायला लागला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी नळी लावून छाती ऐकली, हिरवी फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर थांबल्या.

"किडनीच्या पेशंटला दोन बाटल्या आणि इतकं व्हिटॅमिन सी? कोणी दिलं?"

"एक मीच मागितली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही मागणारच हो. नाही म्हणायला तिथे कोणीतरी शिकलेलं बसायला हवं होतं."

फुप्फुसात पाणी भरलं होतं. किडन्या होत्या त्याहून बसल्या. सहा दिवस आयसीयू, दोनदा डायलिसिस. मुलीची हळद त्या दिवसांतच झाली, मुहूर्त पुढे ढकलता येईना. बापाच्या जागी माझा दीर उभा राहिला. डीजे सांगून ठेवला होता, तो बंदच ठेवला. हळद लागलेल्या हातांनी मुलगी हॉस्पिटलात आली तर दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. तिने काचेतून हात दाखवला. नवऱ्याने तिकडून हात वर केला, त्याला सुई होतीच.

आता तो घरी आहे. स्टीलच्या तांब्यावर मी खिळ्याने रेघ मारली आहे. दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंत. चहा त्यातच, आमटीही त्यातच धरायची. दुपारी त्याला तहान लागते तेव्हा तो तांब्या उचलून हलवून बघतो आणि परत ठेवतो. जन्मभर पंपावर पाणी सोडलेला माणूस.

त्याला घरी आणल्यावर मी मुलीला घेऊन क्लिनिकवर गेले. शनिवार होता, फोटोतला डॉक्टर खरोखर बसला होता. नवऱ्याने टॅबवर सही केलेला कागद त्याने छापून माझ्यापुढे ठेवला. मुलीने तो वाचून दाखवला. बीपी आहे का? नाही. हृदयाचा आजार? नाही. किडनीचा आजार? नाही. कोणती औषधं चालू? नाही. खालपर्यंत सगळ्या खुणा एकाच रांगेत, आणि खाली माझ्या नवऱ्याची वाकडी सही.

"ताई, सही मिस्टरांची आहे ना?" डॉक्टर म्हणाला. "आणि दुसरी बाटली तुम्हीच आग्रहाने घेतलीत, असं स्टाफ सांगतो."

"आनि फाइल? फाइल कोनी सरकवली ते स्टाफनं सांगितलं का?"

बाई मोबाइलमध्ये बघत राहिली. डॉक्टरने दुसरा कागद काढला. सगळे पैसे परत, कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्यायचं. मी कागदाला हात लावला नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. म्हणाला, "बरं, वर मुलीला सहा सेशन फ्री. नवीन लग्न झालंय, ग्लो येईल."

मलाच वर टाकून दाखवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा न बोलता उठले.

लेखी तक्रार दिली आहे. तिचं होईल ते होईल. दरम्यान मी दर शनिवारी बाजार आटपून तिथे जाते आणि त्यांच्या सोफ्यावर बसते. मांडीवर रेघ मारलेला तांब्या असतो. कोणी आत आलं की मी एवढंच विचारते, "बाय, तुजं बीपी बगितलं का? किडनीचं विचारलं का? फॉरम कोन भरतंय, तू का त्या?" माझा आवाज मासळी बाजारात घडलाय, वरच्या मजल्यापर्यंत जातो. गेल्या शनिवारी तीन जणी खुर्चीवरून उठून गेल्या. एकीने जाता जाता माझे पाय धरले, ती कुठल्यातरी गोळ्या घेत होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. काउंटरवरची बाई म्हणाली पोलीस बोलावते. मी म्हटलं बोलाव, मलाही त्यांना फाइल दाखवायची आहे.

नवरा म्हणतो, "अगो, बस आता. तू तरी कुटं इचारलंस?" बरोबर आहे. बाटली मी मागितली, लोभ माझा होता, तो मी त्याच्यासमोर रोज कबूल करते. पण मी मागताना फाइल पुढे ठेवली होती. ती कोणी उघडली नाही, आणि जे कोणी विचारलं नाही त्याचं उत्तर कोणीतरी लिहून टाकलं.

डॉक्टरसाहेब, पैसे ठेवा तुमच्याकडे. मला फक्त माणूस पाहिजे. किडनीच्या प्रश्नापुढे "नाही" कोणाच्या बोटाने उमटलं, तुमच्या की तुमच्या बाईच्या? ज्याचं बोट असेल त्याने घणसोलीला माझ्या घरी यावं, माझ्या नवऱ्यासमोर बसावं, आणि दुपारच्या तहानेला त्याचा तांब्या हलतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून तेच "नाही" पुन्हा सांगावं.