मामाची पांढरी साडी

वसमतहून निघालेली आमची ट्रॅव्हल्स चेण्याजवळ आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. एका बाजूला हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडांच्या फटींतून मधूनच दिसणारं खाडीचं पाणी आणि मधोमध घोडबंदर रस्त्यावर मुंगीच्या चालीने सरकणारी वाहनं. बस थांबली की वाचायला फलक भरपूर होते, आणि बहुतेक सगळे कपड्यांचे. दिवाळीनंतरचा महासेल, शेवटचे काही दिवस, दोनवर एक फुकट. हे 'शेवटचे काही दिवस' किती दिवस चालतात हे विचारायला मी कोणाला फोन करणार होतो?

मी आलो होतो साडी घ्यायला. साडी माझ्या भाचीची, आम्रपालीची. घरात तिला अमू म्हणतात. पुढच्या रविवारी तिचं लग्न. आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढरी साडी नेसते, आणि आमच्या घरात ती साडी मामाने द्यायची असा रिवाज आहे. मामाने द्यायची म्हणजे खरं तर मामीने निवडायची आणि मामाने पिशवी धरून मागे उभं राहायचं. पण आमच्या सौ. कांताबाई अंगणातल्या पायरीवरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर घालून बसल्या. मग एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर, म्हणजे जन्मात एकही साडी स्वतः निवडली नाही अशा निवृत्त मास्तरावर आली. अमूच म्हणाली होती, "मामा, तिकडून घेऊन येऊ नका. इथे सेल लागलेत, आपण मिळून घेऊ."

काशीमीऱ्याला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने माझ्या मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरं दिली, मी त्याच्या हिंदीला मराठीत, आणि आम्ही दोघंही न चुकता मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला पोचलो. माझी बहीण विमल तिथे पंधरा वर्षं राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी आता चांगल्या कंपनीत आहे. विमलने ज्वारीची भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. सोबत डब्यात मठिया (मटकीच्या पिठाच्या पातळ, तळलेल्या, खुसखुशीत पुऱ्या) होत्या, समोरच्या दारातल्या जिग्नाबेनने दिवाळीला दिलेल्या. ठेच्याबरोबर मठिया फार छान लागतात. हा शोध मी लावला, असं इथे नोंदवून ठेवतो.

अमू आंघोळीला गेल्याबरोबर विमल पाटाजवळ सरकली. आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, तिनं फोनवरून दुसरीच मागवलीय. मरून रंगाची. पांढरी नको म्हणायलीय."

"कावून?"

"सगळे विचारतात म्हणं. ऑफिसातल्या मैत्रिणी, बिल्डिंगीतल्या बाया. शादी में सफेद? सांगून सांगून कंटाळली ती."

आमची आई पांढरी साडी नेसून लग्नाला उभी राहिली तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता, खरं म्हणजे हसायला. ती गोष्ट आई आम्हाला दर वर्षी सांगायची आणि सांगताना ताठ बसायची. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. पण पोरगी मिळवती, शहाणी. लग्न तिचं. तिच्यावर ओरडून साडी नेसवली तर ती मामाची साडी कसली, ती मामाची सक्ती झाली. मी भाकरी संपवली.

आंघोळ करून अमू आली ती खोकं घेऊनच. तिने लपवाछपवी केली नाही, हे मला आवडलं. "मामा, आई बोलली असेलच. ही बघा." साडी उलगडली. मला वाटलं होतं, चमचम काहीतरी असेल. पण साडी सुरेख होती. गडद मरून, बारीक जरीचा काठ. वाईट असती तर किती बरं झालं असतं!

"छान आहे," मी म्हणालो.

"आवडली नाही तर परत पाठवता येते. घरी येऊन घेऊन जातात." मग जरा थांबून म्हणाली, "पांढरीपण मागवली होती मी. दोनदा. फोटोत पांढरी, आली की पिवळट. परत केली. आता तुम्ही आलाच आहात तर बघूया. मला मनापासून आवडली पांढरी, तर नेसेन. नाहीतर ही आहे."

म्हणजे सगळं त्या साडीवर येऊन ठेपलं, आणि ती साडी शोधायची होती मी.

पहिला मुक्काम मीरा रोडचं एक तीन मजली दुकान. आत इतकं गार की मी शर्टाचं वरचं बटण लावलं. सेलचा मजला म्हणजे आमच्या आठवडी बाजाराची वातानुकूलित आवृत्ती. टेबलांवर कपड्यांचे ढीग, ढिगांत कोपरापर्यंत घातलेले हात, आणि आरशासमोर कोणी दुसऱ्याचाच टॉप अंगाला लावून बघतंय. इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. दिवाळीत पांढरं फारसं कोणी घेत नाही, त्यामुळे सेलमध्ये पांढऱ्याची लयलूट असते. पण महिनाभर लोकांनी हाताळून झालेलं पांढरं हे पांढरं राहत नाही. घडीवर बोटांचे डाग, काचेत टांगलेल्या साडीला उन्हाने आलेली पिवळी रेघ, एका पदरावर तर कोणाची तरी लिपस्टिक. लाल साडीवर यातलं काही दिसलं नसतं.

विक्रेती मुलगी चटपटीत होती. एकेक घडी टाकत म्हणाली, "अंकल, ये आयव्हरी है, ये पर्ल, ये ऑफ व्हाइट."

"मेरे को सिर्फ व्हाइट दिखाओ ना," मी म्हणालो.

"अंकल, ब्राइडल में सब यही चल रहा है."

अमू मला कोपराने ढोसत होती. शेवटी साडी काही मिळाली नाही. मी मात्र रिकाम्या हाताने निघायची लाज वाटून स्वतःला एक शर्ट घेतला. बाहेर पडताना दारातल्या यंत्राने किंचाळायला सुरुवात केली. पैसे घेणाऱ्याने शर्टाला अडकवलेलं प्लॅस्टिकचं बटण काढलंच नव्हतं. पहारेकरी पिशवी उपसतोय, माझ्या हातात पावती फडफडतेय आणि सेलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. अमू हसून हसून भिंतीला टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच ती मोकळी हसली, म्हणून मी त्या यंत्राला माफ केलं.

दुपारी भाईंदर पश्चिमेला गेलो. तिथे हवेला खाऱ्या पाण्याचा वास आहे आणि गल्ल्या अरुंद आहेत. आधी कोपऱ्यावर दाबेली (मसालेदार बटाटा आणि डाळिंबाचे दाणे भरलेला पाव) खाल्ली. जिग्नाबेनने सांगितलेलं दुकान जुन्या पद्धतीचं होतं. चपला बाहेर, आत गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि एक वयस्क गुजराती शेठ. इथेही सेल होता, पण त्याची पाटी खडूने लिहिलेली होती.

सकाळच्या आयव्हरी आणि पर्लने माझं डोकं फिरलं होतं. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, "शेठ, एकदम सफेद साडी. कोरी. लाल का, पीला का, एक धागा भी नहीं चाहिए. जरी भी नहीं."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी प्रवासाने शिणलेला, दाढी वाढलेली, चेहऱ्यावर सकाळपासूनची काळजी. शेजारी अमू, मान खाली घालून फोन बघणारी. शेठनी पंखा वाढवला. आमच्यासमोर पाण्याचे पेले स्वतः आणून ठेवले. मग मागच्या कपाटातून सुती, बिनकाठाच्या, मांजरपाटासारख्या साड्या काढल्या आणि हळूच समोर ठेवल्या.

"घर में कौन गए, भाई?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "ऐसे काम में मैं मुनाफा नहीं लेता. जो खरीद का भाव है, वही दे दो."

माझं रक्त उसळलं. माणूस चांगला होता, म्हणून जास्तच उसळलं. वाईट माणसावर ओरडणं सोपं असतं. मी तोंड उघडणार एवढ्यात अमूने फोन गादीवर उलटा ठेवला.

"कोई नहीं गया, काका," ती म्हणाली. "शादी है. मेरी. हम लोग बौद्ध हैं, हमारे में दुल्हन सफेद पहनती है. मेरी नानी ने पहनी, मम्मी ने पहनी. और ये मेरे मामा हैं, साडी मामा देता है." मग त्या सुती घड्या तिने हाताने बाजूला सारल्या. "ये नहीं चाहिए. दुल्हन की दिखाइए."

दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती. तिने आवाज खाली आणला नव्हता. सांगून सांगून कंटाळलेली माझी भाची पुन्हा एकदा सांगत होती, पण या वेळी कोणी विचारलं म्हणून नाही, तिला सांगायचं होतं म्हणून. मी तो पाण्याचा पेला उगीचच रिकामा केला.

शेठनी दोन्ही कान पकडले. "माफ करना बेटा. बहुत बडी भूल हो गई." मग एकदम माझ्याकडे वळले. "मामा देता है? अरे, हमारे में भी मामा ही देता है! पानेतर (गुजराती नवरीची लाल काठाची पांढरी साडी). वो भी तो सफेद ही होता है ना, भाई! आपने बोला लाल का धागा भी नहीं, तो मैं समझा..."

"गलती मेरी," मी म्हणालो. आणि होतीच.

शेठ माळ्यावर चढले, त्या वयात, आणि कागदात गुंडाळलेली एक घडी घेऊन उतरले. पानेतरांसाठी आणलेलं कोरं रेशीम होतं ते. काठ रंगवायला जायचे राहिलेले. साडीच्या अंगभर रेशमातच विणलेली पांढऱ्यावर पांढरी वेलबुट्टी, उजेडात धरली तरच दिसणारी. सेलच्या ढिगात ती कधी पडलीच नव्हती, म्हणून तिच्यावर कोणाचं बोट उमटलेलं नव्हतं. अमूने ती खांद्यावर टाकली आणि आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनेच शेठना भाव विचारला. भाव ऐकून मी रुमाल काढून कपाळ पुसलं, पण घासाघीस केली नाही, आणि शेठनीच आपण होऊन 'मामा का डिस्काउंट' म्हणून थोडं कमी केलं.

संध्याकाळी घरी आल्यावर अमू आमच्या दाराकडे न वळता समोरच्या दाराकडे वळली. जिग्नाबेनने दार उघडलं तर हिने दारातच साडी उलगडून धरली.

"आंटी, आप पूछ रही थीं ना, शादी में सफेद? आपकी शादी में क्या पहना था?"

जिग्नाबेन आधी गोंधळल्या, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. "अरे हां! पानेतर! पण माझा तर लाल बॉर्डर होता ने." आणि लगेच साडीचा पोत बोटांत धरून, मी सांगितलेल्या दुकानातूनच घेतली ना, शेठनी किती लावले, याची चौकशी सुरू झाली. विमल आमच्या दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी तिला म्हणालो, "रडायलीस कावून? मठिया संपल्यात का?"

रविवारी लग्न लागलं. अमू पांढऱ्या साडीत उभी होती, हातात मेणबत्ती, आणि नवरदेवही पांढऱ्या कुर्त्यात. वंदना सुरू असताना मला आईची आठवण आली. ती असती तर ताठ बसली असती. पहिल्या रांगेत जिग्नाबेन ठेवणीतली बांधणी नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारणीला हळू आवाजात काहीतरी समजावून सांगत होत्या. काय ते ऐकू आलं नाही, पण 'मामा' हा शब्द आला.

दुसऱ्या दिवशी परतीची बस होती. निघताना अमूने माझ्या पिशवीत एक खोकं कोंबलं. "मामींना द्या." बस घोडबंदर रस्त्याला लागली, चेण्याचे डोंगर मागे पडले. फलकांवर अजूनही शेवटचे काही दिवसच चालू होते. माझा नवा शर्ट मी अजून घातला नव्हता. त्याचं एक प्लॅस्टिकचं बटण त्यांनी काढलं, दुसरं बाहीत राहूनच गेलं होतं.

घरी कांता पाय उशीवर ठेवून वाटच बघत होती. लग्न तिने फोनवर बघितलं होतं, पण चित्र सारखं अडकत होतं म्हणे. मी चहाचा घोट घ्यायच्या आत तिने विचारलं, "पोरगी पांढरीत बघितली मी. पण आनंदानं नेसली का? का तुम्ही मास्तरकी केली?"

दुकानातली हकीकत सांगायला मी तोंड उघडलं, पण मास्तराची लांबण तिला ठाऊक आहे. म्हणून मी नुसतं ते खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने झाकण काढलं. मरून साडी, बारीक जरीचा काठ, लेबल तसंच लटकलेलं. ही कुठली साडी, हे विमलने तिला फोनवर आधीच सांगितलेलं होतं. घडीवरून हात फिरवत तिने विचारलं,

"ही परत पाठवता आली असती ना तिला?"

"आली असती."

"आणि स्वतःला ठेवताही आली असती."

"हो."

"मग आनंदानंच नेसली," कांता म्हणाली, आणि प्लास्टरचा पाय सावरत ती साडी खांद्यावर टाकून आरसा मागायला लागली.