बिनमोहनाचं बिस्किट

आमचे साडू उल्हास देवस्थळी यांना बोट लागते. डोव्हरहून फ्रान्सला जाणारी फेरी, जिच्यात दुकानं आहेत आणि जी एखाद्या इमारतीइतकी स्थिर असते, तिच्यातसुद्धा त्यांनी दोन पिशव्या भरल्या होत्या. राहायला मिल्टन कीन्सला, म्हणजे समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. अशा माणसाने रिटायर झाल्यावर शिडाच्या जहाजावर आचारी व्हायचं ठरवलं, तेव्हा माझी मेहुणी स्वाती एवढंच म्हणाली, की आधी घरातला गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते शिका.

दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात काही हौशी मंडळींनी जुन्या पद्धतीचं जहाज बांधलंय. दर सप्टेंबरला ते स्पेनपर्यंत जातात आणि वाटेत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे खलाशी जे खायचे तेच खातात: कडक बिस्किट, खारवलेलं मांस, वाटाण्याची आमटी. फ्रिज नाही, तक्रार नाही. कप्तान सारा नावाची नेव्हीतून निवृत्त झालेली बाई. तिची अट सोपी होती. ज्याला आचारी व्हायचंय त्याने वसंतात बिस्किटं भाजून पिंपात बंद करायची. सप्टेंबरात पिंप उघडायचं. बिस्किट चांगलं निघालं तर माणूस जहाजावर, नाहीतर घरी.

हे सगळं कशासाठी, असं मी गाडीत विचारलं. उल्हासराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राजीव, तीस वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातली एकही ओळ आज कुठे चालू नाही. निदान एक टिकणारी वस्तू करून बघतो." मी हसायला लागलो होतो, पण ते वाक्य ऐकून माझं राउंडअबाउटचं वळण चुकलं आणि आम्ही पुन्हा एक गोल फिरलो.

बिस्किटाची कृती कोणत्याही ढ माणसाला जमावी अशी: पीठ, पाणी, मीठ, संपलं. पण दिवाळीच्या शंकरपाळ्यांवर पोसलेल्या माणसाला ती जमत नाही. स्वाती इल्फर्डला मैत्रिणीकडे गेलेली, त्यामुळे ओट्यावर आमचं राज्य होतं. ती कोरडी कणीक बघून उल्हासरावांना तिची दया आली. त्यांनी पळीभर तेल कडकडीत तापवलं आणि मोहन घातलं. वर ओवा, खलाशांच्या पोटाला बरा म्हणून. बिस्किटं अशी खुसखुशीत झाली की अर्धं ताट आम्ही चहाबरोबरच उडवलं. इंग्रजांना इतकी वर्षं साधं मोहन सुचलं नाही, म्हणूनच त्यांचं साम्राज्य गेलं, असा निष्कर्षही आम्ही काढून मोकळे झालो.

सप्टेंबरात धक्क्यावर पिंपाचं झाकण उघडलं. दिवाळीचा चिवड्याचा डबा होळीला सापडला तर जो वास येतो, तोच. खवट. साराने तुकडा तोंडात घातला, समुद्रात थुंकला आणि यात काय घातलंय असं विचारलं. दोष पिंपावर ढकलता आला असता, दमट हवेवर तर नक्कीच. उल्हासराव म्हणाले, "तेल घातलं. लोकांना आवडावं म्हणून."

"बिस्किट आवडायला नसतं," सारा म्हणाली, "पुरायला असतं."

जहाज दुसरा आचारी घेऊन गेलं. परतताना हायवेवरच्या सर्व्हिसेसवर कॉफी घ्यायला थांबलो, तर हा साठी उलटलेला माणूस कप धरून रडायला लागला. मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्या तेलाचा मनापासून राग आला.

पुढच्या वसंतात ते पुन्हा कणीक मळायला बसले. या खेपेला स्वातीने घरातल्या तेलाच्या सगळ्या बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून किल्ली पर्समध्ये घातली. तरी त्यांचा हात दोनदा पळीकडे गेलाच. बिस्किटं बाथरूमच्या फरशीसारखी झाली. सप्टेंबरात साराने एक उचलून डेकवर आपटलं, आतून किडा पडतो का बघितलं, दाढेखाली धरून बराच वेळ झगडून पाहिलं आणि बॅग घेऊन चढायला सांगितलं.

निघताना स्वातीने शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. उल्हासरावांनी झाकण उघडून वास घेतला, एक तोंडात टाकली आणि डबा परत दिला. जहाजाच्या नियमात बसत नाही म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोच्या हातचं त्यांनी पहिल्यांदाच परत केलं. स्वातीने झाकण लावून डबा काखोटीला मारला. गाडीत मात्र रस्ताभर बोलली, आणि त्यातलं इथे लिहिण्यासारखं फारसं नाही.

आठवड्याने मी सहज तिच्याकडे गेलो. नवऱ्याचा निरोप आला नव्हता. भर समुद्रात कुठला सिग्नल? टेबलावर शंकरपाळ्यांचा डबा तसाच भरलेला होता. तो बाजूला सारून स्वाती उल्हासरावांनी मागे ठेवलेलं एक बिस्किट चहात बुडवून बसली होती. चहा कधीच गार झाला होता आणि बिस्किट जसंच्या तसं. मी म्हटलं, अगं टाक ते, डेंटिस्टकडे जावं लागेल.

"असू दे," ती कडेचा कण कुरतडत म्हणाली. "ते येईपर्यंत पुरेल."